उशाखालचा हिरा

मार्गशीर्षातली सकाळ. मोसम नदीवरचं धुकं हळूहळू वर सरकतं. आधी काठावरचं लव्हाळं दिसतं, मग बांधावरच्या बाभळी, मग दूर साल्हेरचा निळा माथा. हरभऱ्याला फुलं आली आहेत. गव्हाच्या पात्यांवर दव आहे, आणि कोवळं, केशरी ऊन त्या दवातून अनवाणी चालत येतं, हिऱ्यांच्या अंगणात येऊन बसतं.

हिऱ्यांचं, म्हणजे हिरे आडनावाच्या माणसांचं अंगण. घरात हिरे पुष्कळ; हिरा एकच. बाजरीच्या दाण्याएवढा.

तो सगुणेच्या नाकातल्या चमकीत होता. सगुणा चुलीपुढे वाकली की चमकीत जाळ हसे. विहिरीवर वाकली की चमकीत पाणी हसे. आणि नवऱ्याच्या, दगडूच्या, एखाद्या बावळट बोलण्यावर ती मान मागे टाकून हसली, की मग सगळंच हसे. जाळ, पाणी, अंगण, आभाळ.

गेल्या उन्हाळ्यात सगुणा गेली. तेव्हापासून चमकी कापसात, कापूस डबीत, डबी कपाटात. अंधारात हिऱ्याला रंग नसतो. अंधारात हिरा नुसता खडा असतो.

आता घरात सून आली होती. ऋतुजा, नाशिकची. हातांची हळद अजून उतरली नव्हती. दगडूला फार काही नको होतं. ती चमकी पुन्हा कुणाच्या तरी हसण्यात दिसावी, एवढंच हवं होतं. पण त्याची थोरली बहीण, आक्का, आडवी आली.

"हिरा म्हणजे काचेचा मणी आहे का उचलला नि घातला? उशाखाली ठेवून झोपायचं. स्वप्न चांगलं पडलं तर लाभला. वाईट पडलं तर सरळ सोनाराकडे, विकायला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सगुणेला कुठे लाभला, दगडू? भरल्या घरातून उठून गेली."

दगडूने कपाट उघडलं. त्याने डबी सुनेच्या हातात ठेवली.

आणि ही त्या रात्रीनंतरची सकाळ. ऊन अंगणात बसलं आहे, आक्का खाटेवर बसली आहे, दगडू ओट्यावर बसला आहे. चहाच्या कपातून वाफ वळत वळत वर जाते. सगळे दाराकडे बघतात. दारातून ऋतुजा येते. मागून हर्षल, तिचा नवरा, चोरासारखा.

"काय दिसलं गं?" आक्का विचारते.

"देऊळ दिसलं, आत्या. मोठं. सोन्याचा कळस, आणि…" ऋतुजा अडखळते, हर्षलकडे बघते, आणि तिला हसू फुटतं. "जाऊ दे! देऊळ ह्यांनी शिकवलं. माझे दात पडले स्वप्नात. सगळे. आणि मी ते पदरात वेचत होते."

हर्षल कपाळावर हात मारतो. आक्काचा कप खाटेच्या कडेला थांबतो.

"दात पडणं! ह्याहून वाईट काय असतं? दगडू, ऐकलंस?"

दगडूने ऐकलं. नदीवरून वारा आला, हरभऱ्याचा आंबट वास घेऊन. शेताकडे बघत तो बोलला.

"सगुणेलाही वाईटच पडलं होतं. विहीर आटलेली दिसली होती तिला. मला खरं सांगितलं. आईला म्हणाली, कमळ दिसलं."

"बघ! मी म्हणतच होते. म्हणून गेली ती!"

"गेली, आक्का. सगळेच जातात. पण मधलं तूही पाहिलंस ना? मी पाहिलं. रोज पाहिलं."

त्या 'रोज'मध्ये किती सकाळी होत्या! भाकरीच्या, भांडणाच्या, पेरणीच्या, पाटाच्या पाण्याच्या. साध्या, सावळ्या, हसऱ्या सकाळी. आक्काने कप तोंडाला लावला, पण प्यायली नाही. पदराने नाक पुसलं.

ऋतुजा सासऱ्याशेजारी ओट्यावर बसली.

"आबा, नाक कोण टोचतं इथे?"

"आं? तुझं नाक टोचलेलं नाही?"

"लग्नातली नथ दाबाची होती."

"अगं बाई," आक्का उसळली, "बिनभोकाच्या नाकासाठी रात्रभर माझा जीव टांगलास होय! हर्षल, ऊठ, विसपुते सोनाराला घेऊन ये. आणि पोरी, ओरडायचं नाही हं. हिऱ्यांच्या सुना ओरडत नाहीत."

ऋतुजा ओरडली. चांगली नदीपलीकडे जाईल इतकी. सोनार दचकला, कोंबड्या उडाल्या, आणि तिचा हात घट्ट धरून बसलेली आक्का तिच्याहून मोठ्याने ओरडली.

आधी सोन्याची तार आली. जखम सुकली, तार गेली, चमकी आली.

त्या दिवशी ऋतुजा उन्हात गहू निवडत होती. हर्षल काहीतरी बावळट बोलला आणि ती हसली. ओट्याच्या सावलीत दगडूने पाहिलं: उजेडाचा एक इवलासा ठिपका, तांबडा, मग हिरवा, मग निळा, भिंतीवरून धावला, आक्काच्या पांढऱ्या केसांवर थबकला, आणि उडून त्याच्या उघड्या तळहातावर येऊन बसला. त्याने हळूच मूठ मिटली. ठिपका मुठीत राहिला नाही. तो मुठीवर आला. राठ, काळ्या, सुरकुतल्या कातडीवर, हलत, हसत, तसाच.