मर्लचा चौकड्यांचा शर्ट

पडलेल्या हरणाकडे आर्व्हिलाने आधी पाहिलंच नाही. हातमोजे दातांनी ओढून काढत तिने खिशातून बारका पेचकस काढला आणि पिस्तुलावरची दुर्बीण सोडवायला घेतली. टेकडीखालून दिराच्या, डेलच्या, हाका जवळ येत होत्या. शेवटचा स्क्रू सुटला तशी तिने दुर्बीण थर्मासच्या पिशवीत कोंबली.

हा हंगाम ठासणीच्या हत्यारांचा. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गोळी गजाने ठासायची, आणि बार एकच. दुर्बिणीला सक्त मनाई. नेम धरायचा तो नळीच्या टोकावरच्या माशीवरून, म्हणजे त्या बारक्या खुंटीवरून. ही माशी आर्व्हिलाला हल्ली धूसर दिसायची. गेल्या साली तिचा बार हुकला, तेव्हा डेलचा मुलगा क्लिंट म्हणाला होता, "काकू, पुढच्या वर्षापासून तू चुलीपाशीच बरी." तो हसत म्हणाला होता, तिला मात्र ते फार लागलं होतं. नवरा, मर्ल, गेल्यापासून हंगामातले शिकारीच्या कॅम्पावरचे हे दिवसच काय ते तिचे उरले होते.

डेल धापा टाकत वर आला. "अगं, माझ्या नाकासमोरून गेलं हे! माझा बार ओकच्या खोडात. आणि तू? पिस्तुलाने? या वयात?" त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "हात अगदी आमच्या मर्लचा!"

शर्टही मर्लचाच होता तिच्या अंगात, लाल-काळ्या चौकड्यांचा.

दुपारी लाकडी खोपटात चिलीचं, म्हणजे मांसाच्या तिखट रश्श्याचं, पातेलं रटरटत होतं. ज्याचा बार हुकेल त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीवर ठोकायचा, ही कॅम्पाची जुनी रीत. भिंतीवर सगळ्यांचे तुकडे होते, आर्व्हिलाचाही. मर्लचा मात्र एकही नव्हता.

"चला बाबा, शर्ट बाहेर काढा," क्लिंट कात्री वाजवत म्हणाला.

"हळू रे गाढवा! कातडं कापशील."

"आणि पुढच्या वर्षी चिली तुम्ही ढवळायची. ओकखालची तुमची जागा काकूला. तिने मिळवलीय ती."

सगळे खिदळले. डेलही हसला आणि भिंतीकडे पाठ करून उरलेला शर्ट पँटमध्ये खोचत राहिला. आर्व्हिलाला ते हसणं ओळखीचं वाटलं. गेल्या साली याच जागी उभी राहून ती तसंच हसली होती. ताट सरकवून ती उठली, पिशवी घेऊन आली आणि मक्याच्या पावाशेजारी दुर्बीण ठेवली.

"काकू, ही आज लावली होतीस?" क्लिंटने विचारलं.

"हो."

मग डेल हळूच म्हणाला, "ठेव ती आत, आर्व्हिला. आपल्याशिवाय कुणाला कळणार आहे?"

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिची मान वर होईना.

"तुझी जागा जात होती, डेल. आणि मी गप्प जेवत होते," ती म्हणाली. "क्लिंट, कात्री दे."

क्लिंटने दिली नाही. तिने टेबलावरून स्वतःच उचलली. मर्लचा शर्ट धुऊन धुऊन मऊ झाला होता. कापताना आवाजसुद्धा झाला नाही. तुकडा भिंतीला लावून ती खिळा ठोकायला गेली, पण त्याचं डोकं काही तिला दिसेना. शेवटी डेलने तो बोटात धरला आणि तिने जपून हातोडी मारली.

"आता कुठे?" तिने पिकअपची किल्ली घेतल्यावर डेलने विचारलं.

"वर रस्त्यावर. इथे फोन लागत नाही. शिकारखात्याच्या वॉर्डनला कळवते, हरीण घेऊन जा म्हणून."

"मी येऊ?"

"नको."

हरीण बाहेर फांदीला टांगलेलं होतं. मागून आखूड झालेल्या शर्टातून वारा पाठीला झोंबत होता. हरणासमोर ती थांबली आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.