सोपे प्रश्न

अक्कल पाजळायची म्हटली की आमचे थोरले दीर सगळ्यांच्या पुढे. जाऊबाईंच्या नोकरीवर गदा आली तेव्हा उपायही त्यांनीच काढला, आणि आम्ही सगळे नंदीबैलासारख्या माना डोलवत बसलो.

जाऊबाई विमा कंपनीत फोन घ्यायच्या. घरातलं माणूस गेलेले लोक कागद कुठे द्यायचे विचारता विचारता रडायला लागायचे, आणि ही बाई त्यांचं रडून होईपर्यंत थांबायची. मग नवी सिस्टीम आली. फोन किती वेळ चालला ते ती मोजायची, आणि सरासरी वाढली की जाऊबाईंचं नाव स्क्रीनवर लाल व्हायचं. साहेबांनी बजावलं, महिनाअखेरीलाही लाल दिसलं तर घरी बसा. चाळिशी उलटलेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार?

दिरांचं म्हणणं, सरासरीच खाली आणायची ना? मग घरच्यांनीच त्यांच्या टेबलावर फोन लावायचे, काहीतरी सोपं विचारायचं आणि पटकन ठेवून द्यायचं. मी ऑफिस कधी उघडतं विचारलं, नवऱ्याने पत्ता विचारला. सासूबाईंना तर चेवच चढला. एकदा ऑफिसची वेळ विचारता विचारता, निघताना गॅस बंद केला होतास का, तेही विचारून बसल्या.

नाव हिरवं झालं. मेल्या यंत्राला बरं गंडवलं म्हणून आम्ही पोट धरून हसलो.

काल साहेबांनी जाऊबाईंना बोलावून आधी शाबासकी दिली. मग दाखवलं, की त्यांना फोन करणारे बहुतेक लोक नुसती वेळ नाहीतर पत्ता विचारतात. एवढं तर सिस्टीमच सांगेल, त्याला माणूस कशाला? उद्यापासून ते टेबल बंद.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा दीर नुसता चहा ढवळत बसले. मला असा संताप आला, की त्यांच्यापुढचा चहा उचलून मोरीत ओतावा. पण फोन तर मीही केले होते. सासूबाई म्हणत राहिल्या, आपण खोटं विचारलं असं साहेबांना सांगू या. सांगणार काय, कपाळ!

जाऊबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"आज सकाळीच, साहेबांनी बोलवायच्या आधी, एका गृहस्थांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "बायको गेलीय त्यांची. बोलवतच नव्हतं त्यांना. मी घड्याळाकडे बघून म्हटलं, उद्या करा, मी आहे इथं."