विसरणारं मशीन

वच्छलाबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तरी त्यांच्या ओव्या चालूच होत्या, कारण त्यांच्या लेकीनं, अश्विनीनं, त्या आधीच रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. चिखलीत तिच्या चुलतभावाचं, गोपालचं, फ्लेक्सचं दुकान; त्याच्या मागच्या खोलीत एक जुना सर्व्हर, आणि ओव्या त्याच्या पोटात. बीबी गावाकडच्या बाया, सासरी गेलेल्या पोरी फोनवर तिथूनच ऐकत. आई तर रोज ऐकायची. ऐकताना तिचे ओठ हलायचे.

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम फार म्हातारी झाली होती. तिचे अपडेट बंद पडले होते, ऐन ओवीत मशीन अडखळायचं. नवी सिस्टिम टाकायची, पण पारखून. म्हणून अश्विनीनं आधी व्हर्च्युअल मशीन उभं केलं.

"म्हंजे काय व ताई?" गोपालनं विचारलं.

"खऱ्या मशीनच्या आत एक खोटं मशीन. नवी सिस्टिम त्याच्यात चालवून पाहायची. बिघडलं तर खोटं बिघडलं."

"मंग नवमीले कुंकू कोन्त्याले लावू? खऱ्याले का खोट्याले?"

"तुह्या डोक्याले लाव."

त्या खोट्या मशीनला तिनं विसरायला शिकवलं होतं. बंद केलं की आतलं सारं पुसून पुन्हा कोरं. प्रयोगातल्या चुका मागं राहू नयेत, एवढ्यासाठी. सारं जमलं की शेवटी जतन करायचं.

आणि सारं जमत गेलं. नवी सिस्टिम पाण्यासारखी चालली. खंडेनवमीच्या सकाळी अश्विनीनं तिच्यात खऱ्या ओव्या सोडल्या. दोन्हीकडे ठेवायला डिस्कवर जागा नव्हती. बाहेरची डिस्क उन्हाळ्यातच मेली होती, नवी आणायची राहून गेली होती. मग प्रत्येक ओवी आत उतरली की बाहेरची पुसायची, अशी आज्ञा तिनं दिली. थोड्या वेळाचाच तर प्रश्न होता; परतल्यावर जतन करायचं. घरी पुरण शिजायचं होतं. ती घरी गेली.

परतली तेव्हा दुकान गप्प होतं. झेंडूच्या माळा, उदबत्तीचा धूर, प्रत्येक मशीनच्या कपाळी हळदकुंकू. सर्व्हरच्याही.

"गोपाल, हे बंद काऊन हाय?"

"पूजा हाय ना आज. औजाराले इसावा द्या लागते. सारे बंद केले, हे एकटंच घुरघुर करून राह्यलं होतं. मेन स्विचच पाडला."

"अन् यूपीएस?"

"तेही. कुई कुई करे." तिचा चेहरा पाहून त्याचा हात नारळावरच थांबला. "काय झालं ताई?"

तिनं मशीन चालू केलं. खोटं मशीन उठलं, न्हाऊन आल्यासारखं कोरं. बाहेर, खऱ्या मशीनवर, प्रत्येक ओवीचा फोल्डर जागेवर होता. दळणाची ओवी. भावाची. पाळण्याची. एकाच्याही आत काही नव्हतं.

पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम तिनं लावला, एक हरला की दुसरा. पण पुसलेल्या जागेवरच खोट्या मशीननं आपलं लिहिलं होतं. हाती लागला तो एक तुकडा; त्यात जात्याची घरघर होती आणि आई श्वास घेत होती. ओवी सुरू व्हायच्या आधीच तो संपत होता. तिनं तो पुन्हा पुन्हा लावला, जणू यावेळी पुढचा शब्द येईल.

"मले काय मालूम होतं व," गोपाल म्हणाला. तिनं मान हलवली. मशीनला विसरायला तिनंच शिकवलं होतं.

घरी आई फोन हातात घेऊन बसली होती, नेहमीसारखी.

"आई, गेल्या," अश्विनी म्हणाली. "साऱ्या गेल्या. माह्या हातानं गेल्या."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं फोन उलटा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजली. अश्विनी पायथ्याशी बसून राहिली. रडूही येईना. काही तरी बोलायचं म्हणून तिच्या तोंडून निघालं, बेसूर, चाचरत:

"सरलं दळण बाई, पीठ उरलं सुपात..."

आई वळली. तिनं मान हलवली: नाही.

"मंग काय? भरलं?"

नाही. आई उठून बसली. दोन्ही हातांचं सूप केलं, आणि काठांवरून सांडणारं पीठ बोटांनी दाखवलं.

"माईना? पीठ माईना सुपात?"

आईनं डोळे मिटले, उघडले: हो.

"लेक उभी उंबऱ्यात, चांद उतरला..." अश्विनी थांबली. पुढचा शब्द आठवत नव्हता. आईचे ओठ हलत होते, आणि ती त्या ओठांच्या अगदी जवळ गेली.