न बुजवलेले दोन खड्डे

मी एक जुनी खुरपी आहे, मित्रांनो, आणि स्वस्थ बसणं मला कधीच जमलं नाही. सध्या मी एका शाळेतल्या काचेच्या कपाटात आहे. माझ्याखाली मखमलीचा तुकडा अंथरला आहे. मखमलीत काय खणणार? एका बाजूला पितळी चषक, दुसऱ्या बाजूला रेशमी फिती, आणि मध्ये मी, झिजलेल्या दांड्याची, टोकाला वाकडी. बघणारे विचारतात, ही इथे कशाला? तेच सांगते, म्हणजे मलाही जरा मोकळं वाटेल.

माझा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात, एका लहान गावात झाला. एमस लोहाराने मोडक्या करवतीच्या पात्यातून मला ठोकून काढलं, लाकडी दांडा बसवला आणि बायकोच्या हाती दिलं. भेंडीच्या आणि रताळ्यांच्या वाफ्यांत मी कामाला लागले. त्या घरात एक नियम होता. ज्याने खड्डा खणला, त्यानेच तो बुजवायचा. कधीतरी कुंपणाच्या खांबासाठी खणलेला खड्डा कोणीतरी तसाच सोडला होता आणि त्यात पाय जाऊन एमसचं खेचर जन्माचं लंगडं झालं होतं. शेजारी थट्टा करायचे, की एमसकडच्या कोंबड्यासुद्धा उकरलेली माती परत सारखी करून ठेवतात.

एमसची मुलगी ओझेला. तिच्या पायाला भिंगरी होती. मीठ आणायला पाठवली तर कढईतलं तेल तापायच्या आत परत यायची. काळ्या मुलांच्या शाळेत गेन्स बाई शिकवायच्या, त्यांनी तिला हेरलं. आमच्या शाळेला मैदान नव्हतं. गोऱ्यांच्या शाळेला होतं, पण ते आम्ही कुंपणाबाहेरून बघायचं. मग बाईंनी कापसाच्या शेतालगतच्या कच्च्या रस्त्यावरच तिला पळवायला सुरुवात केली.

पळण्यात खुरपीचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मित्रांनो, तेव्हा पाय रोवायला आजच्यासारखे ठोकळे नव्हते. धावणारा रेषेमागे दोन लहान खड्डे खणायचा, एक पुढच्या पायासाठी, एक मागच्या, आणि त्यांच्या भिंतीला रेटा देऊन सुटायचा. खड्डे ज्याच्या त्याच्या पायाच्या मापाचे असायचे. एकाचे दुसऱ्याला चालत नसत. ओझेलाने त्यासाठी मला वाफ्यातून उचललं, तेव्हा तिची आई रागावली. एमस म्हणाला, "नेऊ दे गं तिला. भेंडी काही पळून जात नाही, पोरगी जाईल." आई हसली आणि माझी बदली झाली.

त्या कामात माझं एकच दुःख होतं. मी कायम रेषेपाशी पडून राहायचे. शर्यत संपताना, शेवटी आडवी ताणलेली दोरी आधी कोणाच्या छातीला लागते, ते मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पिस्तूल वाजलं की ओझेलाच्या टाचा दिसायच्या, मग धूळ, मग काही नाही. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. शर्यत झाली की ती आपले खड्डे बुजवायला परत यायची. तिने मला कसं धरलं आहे त्यावरून मला निकाल कळायचा. जिंकलेली असली की हात सैल, हरलेली असली की मूठ आवळलेली.

आणि मग ती मोठी शर्यत आली. उत्तरेकडच्या एका शहरात देशभरातल्या मुली धावणार होत्या. पहिल्या दोघी जहाजाने परदेशी जाणार, देशाच्या संघातून पळणार. ओझेलाला दुसरं काही नको होतं. झोपेतसुद्धा तिचे पाय हलायचे.

गेन्स बाईंच्या भावाच्या गाडीतून आम्ही निघालो. तळलेली कोंबडी बुटांच्या खोक्यात भरून घेतली होती, कारण वाटेतल्या खानावळी आमच्यासाठी नव्हत्या. पेट्रोल मिळायचं, पण तिथलं शौचालय वापरू द्यायचे नाहीत. गाडी झाडीपाशी थांबवावी लागायची. बाई म्हणाल्या, "बरं झालं तू वेगवान आहेस. साप जागा व्हायच्या आत परत येतेस." दोघी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

त्या मैदानाची धावपट्टी कोळशाच्या राखेची होती, दाबून घट्ट केलेली. शर्यत भरवणाऱ्या क्लबची एक खुरपी होती आणि ती एका मुलीकडून दुसरीकडे फिरायची. ओझेलाने हात पुढे केला, तेव्हा शेजारच्या लेनमधली मुलगी पंचांना म्हणाली, आधी आम्ही सगळ्या खणून घेतो, हिच्यानंतर आम्ही ती हातात धरणार नाही. अगदी सहज म्हणाली, पाणी मागावं तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओझेलाने पिशवीतून मला काढलं. "माझ्याकडे माझी आहे," एवढंच तिने म्हटलं आणि खणायला बसली. पहिल्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढे आली. परत आली तेव्हा तिचा हात सैल होता.

अंतिम शर्यतीला तिला दुसरी लेन मिळाली. आम्ही दोघींनी मन लावून खड्डे खणले. भिंती अशा कडक झाल्या, की माझं मलाच कौतुक वाटलं. तेवढ्यात एक पंच आला. टोपी नीट करत म्हणाला, बदल झाला आहे, तू सगळ्यात बाहेरच्या लेनमध्ये जा. तिच्या जागी मार्जरी नावाची मुलगी येणार होती. मार्जरी त्याच क्लबची, गोरी, सोनेरी वेणीची. बाहेरच्या लेनवरून सकाळी पाण्याची गाडी गेली होती आणि तिथली राख भुसभुशीत झाली होती. कारण कोणी सांगितलं नाही. बाई कठड्यापलीकडून विचारत राहिल्या, पण त्यांच्याकडे कोणी मान वळवली नाही.

पिस्तूलवाला घाई करत होता. मार्जरीने आपले खड्डे खणले. ओझेलाचे उघडे खड्डे तिच्या खड्ड्यांच्या थोडे पुढे, अगदी तिच्या वाटेतच होते. तिने ते पाहिले आणि ती पंचाकडे बघत राहिली. पंचाने धावपट्टीवरच्या माणसाला हाक मारली. मैदानाची देखभाल करणारे सीफस, आमच्यासारखेच काळे, वयस्कर, ते पार पलीकडच्या टोकाला दाताळं घेऊन उभे होते. ते येईपर्यंत कोण थांबणार?

मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. मी मनात ओरडत होते, राहू दे ते खड्डे. पडू दे तिला. तुझे नवे खण, वेळ नाही. पण ओझेला गुडघ्यावर बसली आणि आपले जुने खड्डे बुजवू लागली. राख भरली, माझ्या पाठीने ठोकली, वरून टाचेने दाबली. मार्जरी बघत होती. "कशाला करतेस?" तिने हळूच विचारलं. ओझेला म्हणाली, "आमच्याकडे एक लंगडं खेचर आहे." मार्जरीला काही कळलं नसावं.

मग ओझेला बाहेरच्या लेनकडे धावली. पुढचा खड्डा कसाबसा झाला. मागचा अर्धा होतो न होतो तोच पिस्तूलवाल्याने सगळ्यांना जागेवर बोलावलं. तिने मला गवतात टाकलं. पिस्तूल वाजलं. मागच्या खड्ड्याची भिंत ढासळताना मी पाहिली. तिचा पाय सटकला, ती सावरली, आणि मग नुसती धूळ.

आरोळ्या ऐकू आल्या, पण आरोळ्यांवरून काय कळणार? मी गवतात तडफडत पडले होते. बराच वेळ कोणी आलं नाही. मग भोंग्यातून नावं आली. पहिली कोणी दुसरीच. दुसरी मार्जरी. ओझेला तिसरी.

ती परत आली, तेव्हा तिच्या मागोमाग मार्जरी आली. तिला धाप लागली होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ती म्हणाली, "तू माझ्या पुढे होतीस. दोरी आधी तुझ्या छातीला लागली. मला माहीत आहे."

ओझेलाने तिच्याकडे पाहिलं. "मला का सांगतेस? मी तिथेच होते. त्यांना सांग."

पंचांचं टेबल तिथून दिसत होतं. मार्जरी त्या टेबलाकडे बघत उभी राहिली. मग क्लबच्या मुलींनी तिला हाक मारली, आणि ती गेली. टेबलाकडे नाही.

ओझेलाने मला उचललं. मी तिच्या मुठीची वाट बघत होते, आवळलेली आहे की सैल. दोन्ही नव्हती. उघड्या तळहातावर तिने मला नुसतं पेललं होतं. ती आपल्या खड्ड्यांपाशी उभी राहिली, एक पुरता, एक अर्धा. सीफस दाताळं घेऊन आले आणि म्हणाले, "दे पोरी, मी बुजवतो. मीही दोरीपाशीच उभा होतो. पण मला कोण विचारतंय?"

"नको काका," ती म्हणाली. "हे राहू देत. मी इथे उभी होते, एवढं तरी त्यांना दिसू दे."

जन्मात पहिल्यांदा तिने खड्डे उघडे सोडले. गाडी निघाली तेव्हा पिशवीच्या तोंडातून मला मैदान दिसलं. सीफस सगळ्या लेन सारख्या करत होते. बाहेरच्या लेनमधल्या तिच्या खड्ड्यांपाशी आले, की दाताळं उचलून पलीकडे टेकवायचे.

जहाज गेलं. ओझेला त्यात नव्हती. पुढे ती याच शाळेत शिकवायला लागली आणि कितीतरी मुलींनी तिच्या देखरेखीखाली मला हातात घेऊन खड्डे खणले. खणले तसे बुजवलेही, त्यात तिने कधी सवलत दिली नाही. मग ठोकळे आले आणि मी परत भेंडीत गेले, तिथून छपरात, तिथून गंजात. ती गेल्यावर तिने शिकवलेल्या मुलींनी मला घासूनपुसून इथे ठेवलं. चांगल्या मनाने ठेवलं, मला कळतं.

पण मित्रांनो, मला तेल लावू नका आणि चकचकीत करू नका. तुमच्या मैदानावर कोणाला ऐनवेळी बाहेरच्या लेनमध्ये पाठवतील, तेव्हा हे कपाट उघडा आणि मला तिच्या हातात द्या. आणि दोरी आधी कोणाच्या छातीला लागली हे तुम्ही पाहिलं असेल, तर ते तिच्या कानात सांगू नका. टेबल जवळच असतं, तिथपर्यंत चालत जा.