माझी कुजबुज

माझा आवाज मोठा आहे असं लोक म्हणतात. मला स्वतःला तो बेताचाच वाटतो. सगळी हयात इथे उत्तरेत, शहराच्या पडाव भागात ट्रान्सपोर्टच्या धंद्यात गेली. इंजिनावर आवाज चढवून ड्रायव्हरना झापायचं, हेच काम. आता हरिशंकरपुरमच्या घरातून मी फोन केला की आमच्या घरातलं सगळं कॉलनीला कळतं. माझी बायको लीला म्हणते, "तुम्हाला फोन लागतोच कशाला?"

नात झाली आणि जन्मतःच निळी पडली. नळी घालून तिला काचेआडच्या खोलीत मशीनवर ठेवलं. डॉक्टर गरिमाने मला आणि माझ्या मुलाला, समरजीतला, नीट समजावलं. पोटात असताना बाळाच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, जन्मल्यावर त्या मोकळ्या व्हायला हव्यात; हिच्या झाल्याच नव्हत्या. त्यात रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्या आणखी आवळतात आणि रक्त फुफ्फुसाला वळसा घालून, ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. मला चटकन समजलं. पडावचा पूल जाम झाला की आमचे ट्रकही असेच माल न भरता आडवाटेने निघून जायचे.

"म्हणून तिला दचकवायचं नाही," गरिमा म्हणाली. "ती मशीनशी झगडली की तो वायू साचतो." मी शहाण्यासारखी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

आमचं कुलदैवत खंडोबा. दक्षिणेतून घोड्यांवर आलेल्या पूर्वजांच्या तलवारी कुठे गेल्या देव जाणे, जयघोष तेवढा राहिलाय. घरात मूल जन्मलं की सगळ्यात वडील माणसाने त्याच्या कानाशी येळकोट म्हणायचा. समरजीतने आत जायची आपली पाळी मला दिली.

"आबासाहेब, धीरे हं. बिलकुल धीरे."

"अरे, मला काय अक्कल नाही?"

भंडाऱ्याची पुडी मी खिशातच ठेवली, हात लावायचा नव्हता ना! एवढा मी नियमाचा पक्का. वाकलो आणि कुजबुजलो, "येळकोट येळकोट जय मल्हार!"

खोलीतली सगळी बाळं दचकली. नर्सच्या हातून ट्रे पडला. आमच्या पोरीने दोन्ही हात हवेत फेकले, अंग ताठ केलं, मशीन किंचाळायला लागलं आणि पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली, आणखी खाली. गरिमा धावत आली. "दादाजी, बाहर! अभी!"

बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. पोर गेली तर? माझ्या येळकोटाने गेली तर? सून सोनिका व्हीलचेअरवरून आली, माझ्याकडे बघितलं आणि काचेकडे वळली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी मनात खंडोबाला म्हटलं, देवा, हा आवाज घे आणि पोर ठेव. मग तोंड शिवून बसलो. शेजारी बसलेल्या लीलाने खुणेने काय झालं विचारलं, मीही गळ्याला हात लावून, वर बोट दाखवून खुणेनेच नवस सांगितला. "हा नवस लग्नाच्या वेळी नाही का सुचला?" ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसायला लागली.

दुपारी गरिमा बाहेर आली. आकडा वर आला होता. कार्बन डायऑक्साइडही उतरत होता, वाहिन्या हळूहळू सैल पडत होत्या. मी नुसते हात जोडले.

पुढे नळी निघाली, ऑक्सिजन सुटला, पोर आईच्या अंगावर प्यायला लागली. घरी न्यायच्या दिवशी गरिमाने तिला माझ्या हातात दिलं. "दादाजी, आता म्हणा तुमचं ते जय मल्हार. पाहिजे तेवढ्या जोरात."

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. नाक, डोळे सगळं वाहायला लागलं.

"म्हणा की!" लीला म्हणाली.

तेवढ्यात पोरीनेच तोंड उघडलं. अशी बोंबलली की वॉर्डातली माणसं माना वळवून बघायला लागली. सोनिका घाबरून तिला घ्यायला धावली.

"राहू दे गं," लीला म्हणाली. "हिच्या फुफ्फुसांना आता काय धाड भरलीय!"

मी पोरीच्या कानाशी वाकलो. "ओरड बाई, ओरड," म्हटलं. शेजारी उभ्या असलेल्या लीलालासुद्धा ते ऐकू गेलं नाही.