जवारीची अंघोळ

माझं नाव कडूबाई. माझ्या आधीची दोन लेकरं जगली नाय, म्हणून आजीनं मुद्दाम कडू नाव ठेवलं. मरणानं तोंड वाकडं करावं आन् पुढं निघून जावं, असा तिचा हिशोब. नाव लागू पडलं बघा. चौसष्ट वर्षं झाली, मी अजून ठणठणीत हाय. निदान मागच्या दिवाळीपर्यंत तरी माझा तसाच समज होता.

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत कुणाचं लेकरू झालं की अंघोळीला मलाच बोलावणं येतं. गावाकडं पाचोडला असताना सासूनं शिकवलं. भिंतीजवळ पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, दोन्ही नडग्यांच्या मधी बाळ निजवायचं, कोपरानं पाणी बघायचं आन् हळूहळू अंगावर सोडायचं. गल्लीभर रडणारं लेकरू माझ्या पायावर आलं की गप होतं. चाळीसेक झाली असतील अशी. त्यातली काही आता वाळूजला ड्युटीला जातात आन् मला बघितलं की गाडी हळू करतात.

मग माझ्याच घरात पाळणा हलणार म्हणल्यावर मी कशी राहीन? माझी सून विशाखा. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण तिला आई नाय. दहावीत असताना गेली. विशाखा म्हणाली, "आई, मी इथंच राहते. तुम्ही आहात ना." तेवढ्या बोलण्यावर मी आठ दिवस हवेत होते.

नवव्या दिवशी मोरीत घसरून खाली आले. मनगट मोडलं.

दवाखान्यात निशा डॉक्टरीणबाईंनी हात बांधला, नंतर एका मशीनवर निजवून तपासलं. म्हणाल्या, "मावशी, एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडलं, कारण हाडं ठिसूळ झालीत. आता वाकून, झटका देऊन काही उचलू नका." माझा पोरगा इंद्रजीत शेजारीच बसला होता. त्याच्या कानात शेवटचे दोनच शब्द शिरले. उचलू नका.

झालं! घरी आल्यापासून मी शोभेची बाहुली. बादली नको, तांब्या नको, जिना नको. "आई, तू बस." सहा हप्त्यांनी प्लास्टर निघालं तरी "आई, तू बस." आन् एक दिवस जेवताना म्हणतो, "बाळाच्या अंघोळीला मी एक बाई सांगितलीय. तू पलंगावर बसून मांडीवर घे, बस. तुझ्या पायाचं हाड मोडलं, बाळ पडलं, तर काय करायचं?"

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. गल्लीतल्या चाळीस लेकरांना माझे पाय चालले, आन् माझ्याच नातवंडाला परकी बाई? लई रडू आलं. पण मी त्याच्यासमोर रडले नाय, ताट सारलं आन् उठले.

दुसऱ्या दिवशी एकटीच दवाखान्यात गेले. म्हणलं, "मॅडम, मला नातवंड पायावर घ्यायचंय. व्हय का नाय, एवढंच सांगा."

मॅडम हसल्या. "उचलू नका असं मी कुठं म्हणले? वाकून, झटक्यानं उचलू नका म्हणले. हाडाला काम दिलं तर हाड टिकतं. बसून राहिलात तर अजून झिजेल."

घ्या! अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेलं माझं पोरगं!

मग त्यांनी विचारलं, खाता काय? म्हणलं, सकाळी चहा, दुपारी भाकरी न् ठेचा. दूध? म्हणलं, दूध आधी इंद्रजीतच्या बापाला, ते गेल्यावर इंद्रजीतला, मला चहापुरतं. मॅडमनी कागदावर तीळ, शेवगा, दही लिहून दिलं. मग माझे दात बघून म्हणाल्या, "ही मिश्री आजपासून बंद. तंबाखू हाडाला खातो." ते मात्र माझ्या काळजाला लागलं. चाळीस वर्षांची सोबत होती ती.

त्यांनी खोटी आशा दाखवली नाय. म्हणाल्या, "मशीनवर फरक दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि हाडांच्या गोळ्या देते, त्या बंद करायच्या नाहीत. पण पायातली ताकद आणि तोल चार महिन्यांत येतो. पाच किलो वजन छातीशी धरून, कशाला हात न लावता पाटावरून उठून दाखवा. मग खुशाल घ्या बाळ."

मी म्हणलं, एवढंच ना?

एवढंच नव्हतं ते. पहिल्या दिवशी खुर्चीवरून बिनहातानं उठताना माझीच मला लाज वाटली. पण नावाची कडू मी. सकाळी अठरा पायऱ्या चढून गच्चीवर, बाह्या वर करून उन्हात फेऱ्या. भाजी शिजेस्तोवर ओट्याला हात धरून टाचा वर-खाली. मग एका पायावर उभं राहायचं. जेवणात तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वाटीभर दही. ते दही सगळ्यांच्या आधी खाताना पहिले आठ दिवस चोरी केल्यासारखं वाटायचं. मिश्रीची डबी मी स्वतः कचऱ्याच्या गाडीत टाकली आन् तीन दिवस सगळ्यांवर खेकसले.

खुर्चीनंतर स्टूल, स्टुलानंतर पाट. जुन्या लुगड्यात जवारी बांधली. आधी एक किलो, मग दोन, मग तीन. इंद्रजीत ड्युटीवर गेला की गाठोडं पायावर घ्यायचं, रिकाम्या तांब्यानं अंघोळ घालायची, छातीशी धरायचं आन् उठायचं. नुसतं उठबस करून कंटाळा येतो, म्हणून बोलायचेही. "गप गं माझी बाय, झालं, झालं."

शेजारची सारजाबाई एकदा विरजण मागायला आली, आन् तिनं नेमकं तेच बघितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! इंद्रजीतला फोन. "अरे, तुझ्या आईच्या डोक्यावर परिणाम झाला. जवारीला अंघोळ घालतीय!"

पोरगा अर्ध्या ड्युटीतून आला. डोक्यावर हेल्मेट तसंच. दारात सारजाबाई, पाटावर मी, पायावर पाच किलो जवारी.

"आई, काय करतेस हे?"

"बघ आता," म्हणलं. गाठोडं छातीशी धरलं, पाय जवळ घेतले, आन् उठले. भिंतीला हात नाय, गुडघ्याला हात नाय. सारजाबाईनं तोंडावर पदर धरला.

इंद्रजीतनं हेल्मेट काढलं. "कधीपासून चाललंय?"

"तू 'उचलू नको' म्हणलास तवापासून."

आतून विशाखा आली, सातवा महिना सावरत. म्हणाली, "मला माहीत होतं. रोज गाठोडं तोलून त्यात मूठभर जवारी मीच गुपचूप वाढवते. त्या बाईंना नको म्हणून कळवा. माझ्या बाळाला आईच अंघोळ घालतील." मला वाटायचं ही दुपारी झोपलेली असते, आन् वजन वाढवायचं मी ठरवते. लबाड पोरगी!

तरी मी मॅडमपुढं उठून दाखवलं, त्यांची रीतसर परवानगी घेतली. उगा कुणी बोलायला नको.

नात झाली. पावणेतीन किलो. घरी आणल्यावर अंघोळीची वेळ आली. पाट मांडला, पाणी कोपरानं बघितलं, विशाखानं आपल्या हातानं लेक माझ्या पायावर ठेवली. इंद्रजीत बाजूला उभा, हात पाठीमागं. मी आधीच बजावलं होतं, मधी कडमडू नको म्हणून.

पहिलं पाणी पडलं तशी पोरगी किंचाळली, मग गप झाली. माझ्याकडं बघत राहिली. मी तिला पुसली, फडक्यात गुंडाळली, छातीशी धरली, पाय जवळ घेतले.

आन् पाय थरथरायला लागले. पाच किलो जवारी घेऊन शंभरदा उठले, तवा कधी असं झालं नव्हतं. जवारी काय, सांडली तर झाडून भरता येते. ही माझ्याकडं बघत होती.

"इंद्रजीत," मी म्हणलं, "हात दे रे."

त्यानं झटकन दिला. मी तो धरला आन् उठले, आन् विशाखाची लेक विशाखाच्या हातात दिली. मग विशाखाला म्हणलं, "लेक बापाकडं दे आन् तू इथं बस आता. पाणी अजून गरम हाय, तुझी अंघोळ राहिलीय."