वेंडेलने सांभाळायला दिलेली पेटी

नोरीन हॅस्केलला सत्तावन्नाव्या वर्षी पिस्तुलांचं वेड लागलं, आणि कोल्टर फ्लॅटमधली माणसं तिला बघून रस्ता बदलू लागली. पिस्तुलांना भिऊन नव्हे. वायोमिंगमधल्या आमच्या त्या गावात बंदूक घरोघरी असते, बर्फ काढायच्या फावड्यासारखी. पण फावड्याबद्दल कोणी तास तास बोलत बसत नाही. नोरीन बसायची. ती जनावरांच्या डॉक्टरकडे दारातल्या टेबलाशी बसून गिऱ्हाइकांची नावं लिहून घ्यायची, आणि कुत्र्याच्या लसीपासून सुरू झालेली गोष्ट तिच्या तोंडून दुसऱ्या वाक्याला पिस्तुलाच्या मुठीवर येऊन ठेपायची.

"नोरीन, माझी गाय अडलीय," एकदा एक गुराखी वैतागून म्हणाला. "आधी डॉक्टरला हाक मार. तुझी नवी नळी किती इंचाची ते वासरू बाहेर आल्यावर ऐकतो."

तिला राग यायचा नाही. घरी स्वयंपाकघरातलं टेबल तेलाच्या बाटल्या, ब्रश आणि चिंध्यांनी भरून गेलं होतं, आणि ती उभ्या उभ्या ओट्याशी जेवायची. फ्रिजवर नातवंडांचे फोटो असतात तिथे हिने भोकं पडलेले निशाण्याचे कागद लावले होते. पहिलं पिस्तूल घेतलं, मग त्याला सोबत म्हणून दुसरं, मग तिसरं का घेतलं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिजोरी मात्र चांगली घेतली होती, आणि किल्ली कायम गळ्यात.

हसायला सोपं आहे, पण त्या वेडाने ती वाचली होती. नवरा दुसऱ्या बाईबरोबर ॲरिझोनाला निघून गेला तेव्हापासून नोरीन टीव्हीसमोर बसून डब्यातलं सूप गार गारच खायची. शेजारच्या आर्लिसने एक दिवस तिला खिडकीतून पाहिलं आणि आपल्या नवऱ्याला, वेंडेलला, फर्मान सोडलं, "हिला ने तुझ्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर. नाहीतर तिथेच वाळून जाईल." वेंडेल रेल्वेत मेकॅनिक होता, निवृत्त झालेला, कमी बोलणारा. त्याने नोरीनच्या हातात छोटं पिस्तूल दिलं, तिचे खांदे सरळ केले आणि म्हणाला, "श्वास सोड. अर्धा सोडलास की थांब." पहिलीच गोळी कागदाच्या कोपऱ्याला लागली आणि नोरीन खदाखदा हसली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती. त्या दिवसापासून दर शनिवारी दोघं रेंजवर जायची, आणि परतली की आर्लिस त्यांना राजमा-खिम्याची गरम चिली आणि दालचिनीचे रोल वाढून चेष्टा करायची, "काय, आज किती कागद मारले?"

ऑक्टोबरमध्ये आर्लिस गेली. कर्करोगाने, फार हाल न होता, असं सगळे म्हणाले. वेंडेलने रेंजवर जाणं सोडलं. नोरीन डबे नेऊन द्यायची, तो आभार मानायचा, आणि पुढच्या खेपेला तिला आधीचा डबा फ्रिजमध्ये तसाच दिसायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तो तिच्या दारात उभा राहिला. हातात हत्यारांची जुनी लोखंडी पेटी. त्याने ती टेबलावर ठेवून उघडली. आत टॉवेलात गुंडाळलेली तीन पिस्तुलं होती, त्यातलं एक त्याच्या बापाचं रिव्हॉल्व्हर.

"थोडे दिवस ठेवशील तुझ्याकडे?"

"ठेवशील काय विचारतोस! अरे, जिवापाड जपीन!" नोरीनचे डोळे चमकले. "चालवू का?"

"चालव."

"हे बापाचंसुद्धा?"

"सगळी चालव," वेंडेल म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत होता. "कुलूप लावतेस ना?"

"हे बघ." तिने गळ्यातली किल्ली दाखवली. "कधी हवीत परत?"

"बघू. वसंत तर येऊ दे."

आता हे स्पष्टच सांगायला हवं. त्या सकाळी वेंडेलने आपली पिस्तुलं दिली नव्हती, आपला जीव नोरीनच्या हवाली केला होता. आमच्याकडे माणूस असाच मागतो. मला एकट्याला घरात या वस्तूंची भीती वाटते, असं कोणी तोंडाने म्हणत नाही. पेटी घेऊन येतो आणि थोडे दिवस ठेव म्हणतो. समोरच्याने पेटी घ्यायची, कॉफी करायची, त्याला तासभर बसवून घ्यायचं, आणि तो नीट जेवाखायला, हसाबोलायला लागेपर्यंत पेटीचं नाव काढायचं नाही. त्याने मागितली तरी टाळाटाळ करायची. जुन्या लोकांना हे ठाऊक असतं. रेंजच्या भिंतीवर नियम मोठ्या अक्षरात लावलेत, नळी कुठे रोखायची, बोट कुठे ठेवायचं. हा नियम तिथे नाही. नोरीनने वर्षभरात पिस्तुलांबद्दल जे जे शिकता येईल ते सगळं शिकून घेतलं, आणि नेमकं हेच तिला कोणी शिकवलं नाही.

तिला वाटलं, हा मान आहे. वेंडेलने आपल्याला तयार नेमबाज मानलं. ती त्या आठवड्यात दवाखान्यात भेटेल त्याला सांगत सुटली. शनिवारी एकटीच रेंजवर जाऊन तिने बापाचं रिव्हॉल्व्हर चालवलं. जड, जुनं, पण काय नेम! मूठ तेवढी तडकलेली होती. तिने मनाशी ठरवलं, हे आपण नीट करायचं.

गावात बंदुकांचं दुकान मायलोचं. त्याने रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि लगेच ओळखलं.

"हे वेंडेलच्या बापाचं ना? तुझ्याकडे कसं?"

"ठेवायला दिलंय. तिन्ही दिलीत. विश्वास असतो एकेकाचा."

"ठेवायला?" मायलोने मान वर केली. "तो स्वतः घेऊन आला?"

"नाही, पोस्टाने पाठवलं! शेजारी राहतो रे तो. अक्रोडाच्या लाकडाची मूठ आहे का तुझ्याकडे? गडद रंगाची?"

मायलो हसला नाही. त्याने मूठ शोधून आणली, काउंटरवर ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "नोरीन, राहू दे ही तुझ्याकडेच. परत द्यायची घाई करू नकोस. आणि त्याच्याकडे जात येत जा."

"जातेच की. डबे कोण देतं त्याला?"

मायलो आणखी काही बोलणार होता. तेवढ्यात दोघं जण काडतुसं मागायला आत आले आणि तो गप्प बसला. चारचौघांत वेंडेलची अब्रू काढायची नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. असल्या अब्रूपायी आमच्याकडे किती माणसं गेली! नोरीनला वाटलं, मायलो जळतोय. त्यालाही ते रिव्हॉल्व्हर हवं असणार.

मार्च संपत आला तशी ती वेंडेलकडे बघून बेचैन होऊ लागली. तो बारीक झाला होता. दाढी वाढलेली. तिने पुष्कळ विचार केला, आणि जो निष्कर्ष काढला तो तिच्या परीने अगदी सरळ होता. मी खचले होते तेव्हा मला कशाने वर काढलं? पिस्तुलांनी. मग त्यालाही तीच काढतील. घरात नाहीत म्हणून तर तो असा बसून राहतो. त्या वेड्या बाईच्या मनात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि म्हणूनच हे सांगताना जास्त वाईट वाटतं.

तिने तिन्ही पिस्तुलं खोलून साफ केली, तेल दिलं, नवी मूठ बसवली आणि ती हाताने घासून घासून चकचकीत केली. टॉवेलही धुऊन काढले. मग पेटी उचलून ती शेजारी गेली.

वेंडेलने दार उघडलं. आधी तिच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे.

"इतक्यात?" तो म्हणाला.

"वसंत आला की!"

"बर्फ आहे अजून."

"तुझ्या अंगणात असेल. तू फावडं हातात घेत नाहीस म्हणून." ती आत शिरलीसुद्धा. "ये, बस. डोळे मीट. मीट म्हणते ना!"

त्याने डोळे मिटले नाहीत. तिने टॉवेल उलगडून रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं. त्याने अंगठा नव्या मुठीवरून फिरवला.

"छान झालंय," तो म्हणाला. "मेहनत घेतलीस."

"मग! शनिवारी यायचं. कारणं नकोत. तू नाहीस तर मला तिथे कोण ओरडणार?"

"बघू."

ती पायऱ्या उतरत होती तेव्हा त्याने मागून हाक मारली, "नोरीन."

"काय?"

तो दारात उभा होता, एक हात चौकटीवर. जे एकदा मागायला त्याला सगळा हिवाळा लागला होता, ते दुसऱ्यांदा मागायचं होतं, आणि समोर ती आनंदाने फुललेली.

"काही नाही," वेंडेल म्हणाला. "घसरडं आहे. सांभाळून जा."

शनिवारी नोरीन गाडी चालू करून त्याची वाट बघत बसली. तो आला नाही, म्हणून तिने दार ठोठावलं, मग शेरीफला फोन केला.

दफन झालं. चर्चच्या तळघरात सगळ्यांनी हॅमचे सँडविच आणि ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल खाल्लं. नोरीन कोपऱ्यात बसून रडत होती, आणि लोक तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मायलो लांबून तिच्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. आपण नेऊन दिलेल्या वस्तूनेच हे झालं, हे तिला कळलं होतं. त्याने ती का दिली होती, हे अजून कळलं नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. वेंडेलची मुलगी ट्रूडी बॉयझीहून आली होती, ती परत निघायच्या आधी नोरीनच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. नोरीनने टेबलावरचं सामान एका बाजूला सारलं आणि कॉफी दिली.

"तुझे आभार मानायचे होते," ट्रूडी म्हणाली. "जानेवारीत डॅड फोनवर विचित्र बोलायला लागला. मी हट्टच धरला, घरातली पिस्तुलं कोणाकडे तरी दे. नाही नाही म्हणत होता. मग एक दिवस फोन आला, नोरीनकडे दिली, ती कुलूप लावते, आता तू झोप. आणि मी खरंच झोपले, नोरीन. तुझ्यामुळे झोपले."

नोरीनने हातातली साखरेची बरणी टेबलावर ठेवली. ती खुर्चीत बसली. पेटी, खिडकीबाहेर बघणारा वेंडेल, मायलोचा खाली आलेला आवाज, ती दारातली हाक, सगळं एकदम तिच्या अंगावर कोसळलं.

"शेरीफ म्हणाला, आजोबांचं रिव्हॉल्व्हर होतं," ट्रूडी पुढे बोलत होती. "म्हणजे त्याने परत मागितलं असणार. तू तरी काय करणार? त्याचंच होतं. नाही कसं म्हणणार? माझा तुझ्यावर अजिबात राग नाही, हे सांगायलाच आले." तिने नोरीनचा हात धरला. "फक्त एवढं सांग, काय सांगून मागितलं त्याने?"

एक शब्द पुरला असता. साफ करायचंय म्हणाला, विकायचंय म्हणाला. ट्रूडीने विश्वास ठेवला असता आणि दोघींनी मिळून रडून घेतलं असतं. नोरीनने तो हात आणखी थोडा वेळ धरून ठेवला, कारण पुढे तो मिळणार नव्हता.

"त्याने मागितलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मागायला आलाच नाही तो. मीच नेऊन दिली. तिन्ही."

ट्रूडीने हात काढून घेतला. "का?"

पिस्तुलांबद्दल काहीही विचारा, नोरीनकडे तासभराचं उत्तर तयार असायचं.

"मूठ नवी बसवली होती," ती म्हणाली. "त्याला दाखवायची होती."

ट्रूडी उठली. तिने खुर्चीवरचा कोट उचलला आणि अंगात घालायचं विसरून, तो तसाच हातात धरून ती बाहेर थंडीत गेली.